कोंबडं झाकलं तरी…

दिवाळी अंकात कोंबड्यांवरचा लेख पाहून काही जणांच्या भुवया उंचावतील याची मला कल्पना आहे. संपादकांनी माझ्याकडे ‘इतिहासावर काहीतरी’ मागितले होते. माझी सारी नोकरी इतिहास शिकवण्यात गेली, तेव्हा त्यांची अपेक्षा गड-किल्ल्यांची किंवा पेशवाईची असणार. पण गेल्या डिसेंबरात आमच्या क्युपर्टिनोच्या परसात एक घटना घडली आणि तिने मला थेट १९१८ सालात, तिथून नवापूरला आणि पुन्हा इथे आणून सोडले. तो प्रवास तुम्हाला सांगावासा वाटतो. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी कोंबड्या, पोपट किंवा मांजर आहे, त्यांना तो उपयोगीही पडेल.

आमच्या नातीने तीन वर्षांपूर्वी हट्ट करून चार कोंबड्या पाळल्या. त्यांची नावे तिनेच ठेवली: लाडू, करंजी, चकली आणि शेव. परसात लाकडी खुराडे, भोवती जाळी, वर आभाळ. डिसेंबरातल्या एका सकाळी ती दाणे टाकायला गेली आणि धावत परत आली. चकली खुराड्याच्या कोपऱ्यात मरून पडली होती.

त्याच आठवड्यात, १८ डिसेंबर २०२४ रोजी, कॅलिफोर्नियाच्या राज्यपालांनी बर्ड फ्लूमुळे राज्यात आणीबाणी जाहीर केली होती. त्यामुळे घरात सगळ्यांच्या मनात एकच शंका आली आणि ती कोणी बोलून दाखवेना. शेवटी जावई म्हणाले, “बाबा, दोन पिशव्यांत बांधून कचऱ्यात टाकू या. फोन करायचा, सरकारी गाडी दारात उभी राहायची, शेजारी विचारणार. शिवाय उरलेल्या तिघींना मारून टाकतील ते वेगळंच.”

खरे सांगतो, मलाही ते पटले. मी मान डोलावली. तेवढ्यात नात म्हणाली, “आजोबा, पण चकलीला काय झालं ते कळलंच नाही, तर या तिघींना वाचवायचं कसं?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. आठवण मात्र होती.

एक शब्द, दोन रोग

माझे बालपण खानदेशात गेले. आजीच्या परसात आठ-दहा कोंबड्या असत. रात्री त्या डालग्याखाली झाकायच्या, खुडूक कोंबडीला अंड्यांवर बसवायचे, पिल्ले निघाली की घारीवर नजर ठेवायची, ही आम्हा मुलांची कामे. दर एक-दोन वर्षांनी ‘मानमोडी’ यायची. कोंबडीची मान वाकडी व्हायची, ती गोल गोल फिरायची आणि दोन-तीन दिवसांत परस रिकामे व्हायचे. आजी तेव्हा एकच वाक्य बोलायची: “आमच्या लहानपणी ही माणसांना झाली होती.”

तिच्या या वाक्याचा अर्थ मला पुढे पुष्कळ वर्षांनी अभ्यास करताना उलगडला. १९१८ च्या इन्फ्ल्युएन्झाच्या साथीला महाराष्ट्रातल्या खेड्यांत ‘मानमोडी’ म्हणत. जूनमध्ये ती मुंबईत शिरली, पावसाळ्यात जरा ओसरली आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुप्पट जोराने परतून रेल्वेच्या वाटेने गावोगाव पोचली. तापाने अंग मोडायचे, मान धरायची, म्हणून ते नाव. हिंदुस्थानात त्या साथीत किमान सव्वा कोट माणसे दगावली असावीत; काही अभ्यासकांचे अंदाज याहून बरेच मोठे आहेत. आजी तेव्हा सहा-सात वर्षांची होती. त्या वर्षी गावात दिवाळीचे दिवे लागले नाहीत, एवढे तिला आठवत असे.

कोंबड्यांची मानमोडी हा मात्र वेगळ्या विषाणूचा रोग आहे. १९२६-२७ च्या सुमारास जावा बेटावर आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसल शहरापाशी तो ओळखला गेला, आणि लगेचच आपल्याकडे कुमाऊँमधल्या राणीखेत इथे. म्हणून जगात त्याला ‘न्यूकॅसल’ म्हणतात आणि भारतातले पशुवैद्य ‘राणीखेत’. त्याची लस आहे. लासोटा लसीचा थेंब पिल्लाच्या डोळ्यात किंवा नाकपुडीत टाकायचा, हे पोल्ट्रीवाल्यांच्या घरातल्या शाळकरी पोरालाही येते.

या दोन रोगांना एकच नाव पडले, त्यात आपल्या पूर्वजांचा काही दोष नाही. पण ओळखीच्या नावामुळे माणूस निर्धास्त होतो. ‘मानमोडीच आहे’ असे म्हटले की विचार तिथेच थांबतो. नवापुरात हेच घडले.

फ्लू मुळात पक्ष्यांचा

नवापूरला जाण्याआधी विषाणूची थोडी ओळख करून घेऊ. १८७८ साली इटलीत एदोआर्दो पेरोन्चितो या शास्त्रज्ञाने कोंबड्यांच्या एका भयंकर रोगाचे वर्णन केले. त्याला पुढे ‘कोंबड्यांचा प्लेग’ म्हणू लागले. हा प्लेग म्हणजे इन्फ्ल्युएन्झाचाच एक प्रकार, हे कळायला १९५५ साल उजाडले. रानबदके, हंस, सुरय, कुरव अशा पाणपक्ष्यांच्या आतड्यांत हे विषाणू पिढ्यान्‌पिढ्या नांदत असतात. बदकाला बहुधा काही होत नाही. पण त्याच्या विष्ठेतून विषाणू पाण्यात जातो, थंड पाण्यात कित्येक दिवस टिकतो आणि कोंबड्यांत शिरला की कधी कधी रूप बदलून घातक बनतो.

आज आपल्याला छळणाऱ्या एच५एन१ या विषाणूचा पूर्वज १९९६ साली चीनच्या ग्वांगदोंग प्रांतात एका पाळीव हंसात सापडला. १९९७ मध्ये हाँगकाँगमध्ये तो माणसांत उतरला. १८ जण आजारी पडले, ६ दगावले. शहरातल्या सगळ्या कोंबड्या, दहा लाखांहून अधिक, वर्षअखेरीस मारून टाकल्या गेल्या. २००५ च्या उन्हाळ्यात चीनमधल्या छिंगहाय सरोवरावर हजारो रानपक्षी मेले. त्यांत पट्टकादंब पुष्कळ होते. हिमालय ओलांडून हिवाळ्यात आपल्या जायकवाडीला आणि नांदूर मधमेश्वरला येतात, तेच हे राजहंस. त्याच वर्षी १९१८ च्या विषाणूची संपूर्ण जनुकीय रचना प्रसिद्ध झाली आणि तिची पक्ष्यांच्या विषाणूंशी असलेली जवळीक उघड झाली. आजीचे वाक्य मला तेव्हा पुन्हा आठवले.

नवापूर, फेब्रुवारी २००६

नवापूर हे नंदुरबार जिल्ह्यातले, महाराष्ट्राच्या अगदी काठावरचे गाव. तिथल्या रेल्वे स्थानकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे, हे तुमच्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. तालुका आदिवासी: भिल्ल, गावित, कोकणा. सुरत-धुळे हमरस्ता जवळ आणि गुजरातची बाजारपेठ हाताशी, त्यामुळे इथे अंड्यांच्या कोंबड्यांची मोठमोठी शेड उभी राहिली. महाराष्ट्रात हा धंदा १९७१ नंतर पुण्यात डॉ. बी. व्ही. राव यांनी सुरू केलेल्या व्यंकटेश्वरा हॅचरीजमुळे वाढीस लागला होता. एकेका शेडमध्ये हजारो पक्षी, पिंजऱ्यांच्या ओळी, खाली विष्ठेचे ढीग. एका पक्ष्याला झाले की सगळ्यांना व्हायला वेळ लागत नाही.

जानेवारीच्या अखेरीस तिथे कोंबड्या मरू लागल्या. माझा एक जुना विद्यार्थी त्या भागात पोल्ट्री चालवत असे. त्याने मला फोनवर सहज सांगितले, “सर, यंदा मानमोडी जोरात आहे.” लस दिली, औषधे पाण्यात घातली, तरी मर थांबेना. मेलेले पक्षी कोणी पुरले, कोणी शेडमागे टाकले. अंडी नेणारा टेम्पो एका शेडवरून दुसऱ्या शेडवर जातच राहिला. पुठ्ठ्याचे ट्रे, टेम्पोची चाके आणि मजुरांच्या चपला यांच्याबरोबर रोगही फिरला. हे त्याने नंतर सांगितले. तेव्हा मीही विचारले नाही.

मग नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत गेले. १८ फेब्रुवारी २००६ रोजी निकाल जाहीर झाला: एच५एन१. भारतातला हा पहिला बर्ड फ्लू.

पुढचे काही दिवस नवापूर जगाच्या बातम्यांत होते. पांढऱ्या अंगरख्यातली, चेहरे झाकलेली पथके आली. बाधित शेडांभोवती तीन किलोमीटर अंतरातले सारे पक्षी मारायचे, खड्ड्यात पुरायचे, वर चुना टाकायचा; अंडी आणि खाद्यही नष्ट करायचे. सीमेपलीकडे गुजरातच्या उच्छलमध्येही तेच. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या गावांत, मग मध्य प्रदेशात बऱ्हाणपूरकडे रोग आढळला. एकूण सुमारे दहा लाख पक्षी मारले गेले. देशभर चिकनचे भाव कोसळले आणि लोकांची भीती घालवण्यासाठी पुढारी जाहीर समारंभात कोंबडी खाऊ लागले.

एक गोष्ट मात्र निभावली. तापाचे रुग्ण तपासले गेले, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत नमुने पाहिले गेले, पण माणसाला लागण झाल्याचे आढळले नाही. ऑगस्ट २००६ मध्ये भारताने आपण रोगमुक्त झाल्याचे जाहीर केले.

माझा विद्यार्थी मला भेटला तो जूनमध्ये. शेड रिकामे, बँकेचे हप्ते चालू. तो म्हणाला, “सर, भरपाई मारलेल्या कोंबड्यांची मिळते. आधी मेलेल्यांची नाही. पहिल्या आठवड्यात कळवलं असतं तर निम्म्याहून जास्त पैसे मिळाले असते आणि शेजारच्यांची शेडं कदाचित वाचली असती. पण कळवायचं कोणाला आणि कशाच्या भरवशावर?”

त्याचा दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

लोक का लपवतात?

इतिहासाच्या विद्यार्थ्याला याचे उत्तर शोधायला फार दूर जावे लागत नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, १८९७ मध्ये पुण्यात पसरला. सरकारने सोल्जर घरांत घुसवले. रोगी शोधून इस्पितळात, घरातली माणसे छावणीत, सामान जाळायचे. रोग थांबवण्याच्या दृष्टीने त्यातल्या काही गोष्टी चुकीच्या नव्हत्या. पण लोकांना कोणी विश्वासात घेतले नाही. मग लोक रोगी माळ्यावर लपवू लागले, प्रेते गुपचूप पुरू लागले. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, तो इतिहास आपल्या सर्वांना पाठ आहे. पण त्यामागची साथीची कथा आपण विसरतो. जबरदस्तीने रोगी हुडकता येतात, पण घाबरलेली माणसे पुढचा रोगी अधिक चांगला लपवतात.

२००८ च्या जानेवारीत पश्चिम बंगालमध्ये याची पुनरावृत्ती झाली. तिथे पोल्ट्रीची मोठी शेडे कमी आणि परसातल्या कोंबड्या जास्त. गरीब घरात कोंबडी म्हणजे बाईची हक्काची पुंजी: पोराची वही, औषधाची बाटली, सणाचे तेल. पथक येणार म्हटल्यावर लोकांनी कोंबड्या लपवल्या, पाहुण्यांच्या गावी पाठवल्या, पडेल त्या भावाने विकल्या. कोंबड्यांबरोबर रोगही त्या त्या गावी गेला. त्या साथीत चाळीस लाखांच्या आसपास पक्षी मारावे लागले. पुढे २००९ मध्ये देशात कायदा झाला आणि जनावरांचा संसर्गजन्य रोग कळवणे बंधनकारक झाले. पण कायद्याला कान असतात, डोळे नसतात. कोणीतरी येऊन सांगावेच लागते. आणि ज्याला आपण बुडणार नाही याची खात्री आहे, तोच सांगतो. वेळेवर मिळालेली भरपाई ही म्हणूनच साथीवरची एक लसच आहे.

आपल्याकडे म्हण आहे, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. आजी डालगे उचलताना ती हमखास म्हणायची. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात सुमारे ८०० कोंबड्या मेल्या आणि तोच एच५एन१ निघाला. पुढच्याच महिन्यात नवापुरात पंधरा वर्षांनी पुन्हा खड्डे खणले गेले. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या याच विषाणूने दगावले. जानेवारी २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला कावळे टपाटप पडले. म्हणजे आमची चकली मेली, त्याच महिन्यात इकडे आणि तिकडे एकच संकट चालू होते.

आपले अंगण

आता इकडे येऊ. आपल्याला वाटते, कोंबड्या आणि त्यांचे रोग हे मागे सोडून आलेल्या गावाचे विषय. सांता क्लारा खोऱ्यात आता चिप आणि फोन बनतात. पण इथून दोनेक तासांवरचे पेटालुमा एकेकाळी जगाची अंड्यांची टोपली म्हणून प्रसिद्ध होते. १८७९ मध्ये लायमन बाइस यांनी तिथे अंडी उबवण्याचे यंत्र बनवले आणि गावाचे नशीब पालटले. २०२३ च्या डिसेंबरात त्याच सोनोमा काउंटीत बर्ड फ्लूमुळे काही आठवड्यांत दहा लाखांहून अधिक पक्षी गेले.

कॅलिफोर्नियाने आजीची मानमोडीही पाहिली आहे. १९७१ मध्ये परदेशातून आणलेल्या पोपटांसारख्या शोभेच्या पक्ष्यांबरोबर न्यूकॅसल रोग दक्षिण कॅलिफोर्नियात शिरला. तो हटवेपर्यंत सुमारे १.२ कोटी पक्षी मारले गेले. आयात पक्ष्यांना काही दिवस वेगळे ठेवण्याचा कडक नियम अमेरिकेने केला, तो या अनुभवानंतर. २००२-०३ आणि पुन्हा २०१८ ते २०२० या काळात हाच रोग परत आला, आणि दोन्ही वेळा सुरुवात झाली ती हौशी लोकांच्या परसातून. मोठ्या कंपन्यांच्या शेडांना कुलपे असतात, पहारे असतात. हौशी माणसाच्या परसाला फक्त त्याची अक्कल असते.

सध्याची साथ फेब्रुवारी २०२२ मध्ये इंडियानातल्या टर्कींपासून सुरू झाली. तेव्हापासून अमेरिकेत पंधरा कोटींहून अधिक पाळीव पक्षी गेले. मार्च २०२४ मध्ये विषाणू दुभत्या गाईंत सापडला, जे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. नोव्हेंबर २०२४ मध्ये दुकानात विकल्या जाणाऱ्या न तापवलेल्या दुधात तो आढळला, आणि तो शोधून काढला आपल्याच सांता क्लारा काउंटीच्या आरोग्य प्रयोगशाळेने. कच्चे दूध किंवा कच्चे मांस खाल्लेली मांजरे दगावली. जानेवारी २०२५ मध्ये लुइझियानात अमेरिकेतला पहिला मानवी मृत्यू झाला. त्या व्यक्तीचा संबंध परसातल्या कोंबड्यांशी आणि रानपक्ष्यांशी आला होता. त्याच महिन्यात कॅलिफोर्नियाने जत्रांतली कोंबड्यांची प्रदर्शने बंद केली.

हे वाचून घाबरू नका. माणसाला होणारी लागण अजूनही विरळा आहे आणि ती माणसाकडून माणसाकडे सहज जात नाही. नीट शिजवलेली कोंबडी, अंडी आणि पाश्चराइज केलेले दूध सुरक्षित आहे. पण निष्काळजीपणाला जागा नाही. कॅलिफोर्नियाच्या काँडोर गिधाडांची गोष्ट ऐका. १९८२ मध्ये जगात ती जेमतेम २२ उरली होती. १९८७ पर्यंत शेवटचा रानातला पक्षीही पकडून पिंजऱ्यात आणला, पिल्ले वाढवली आणि मग हळूहळू पुन्हा आकाशात सोडली. आता ती पाचशेच्या वर आहेत. आपल्या दक्षिणेला पिनॅकल्सच्या कड्यांवर नशीब असेल तर दिसतात. २०२३ च्या वसंतात अॅरिझोना-यूटाच्या कळपातली २१ काँडोर बर्ड फ्लूने गेली. चाळीस वर्षांची मेहनत काही आठवड्यांत धोक्यात आली. तेव्हा अमेरिकेने प्रथमच या रोगाविरुद्ध पक्ष्यांना लस टोचण्याची परवानगी दिली, ती या पाळलेल्या काँडोरना.

तुमच्या-आमच्या कोंबड्यांना इथे ही लस मिळत नाही. आपल्या हातात उरते ते आजीच्या काळचे शहाणपण.

मग करायचे काय?

पहिली गोष्ट, छप्पर. आपली दिवाळी आणि उत्तरेकडच्या बदकांचे आगमन एकाच सुमारास होते. आपला उपसागर त्यांच्या पॅसिफिक किनाऱ्याच्या वाटेवरचा मोठा मुक्काम आहे. तेव्हा दिवाळी ते पाडवा या काळात कोंबड्यांना पक्के छप्पर आणि बारीक जाळी हवी, म्हणजे वरून विष्ठा पडणार नाही आणि चिमण्या-कावळे आत येणार नाहीत. दाणे आणि पाणी आत ठेवा, सांडलेले झाडून घ्या. रानपक्ष्यांसाठी टांगलेली दाण्यांची नळी खुराड्यापासून लांब न्या.

दुसरी गोष्ट, पायताण. आपण मराठी माणसे चपला दाराबाहेर काढतो. कोंबडीच्या घरालाही हाच नियम लावा. खुराड्यासाठी बुटांचा एक जोड वेगळा, तो तिथेच राहील. तळ्याकाठी फिरून आलात, तर त्याच बुटांनी आत जाऊ नका. दुसऱ्या कोंबडीवाल्याचे फावडे, पिंजरा, अंड्यांचे ट्रे उसने घेऊ नका. घेतलेच तर साबणाने घासून, ब्लीचच्या पाण्याने धुऊन घ्या. आत जाण्याआधी आणि बाहेर आल्यावर हात धुवा.

तिसरी गोष्ट, नवा पाहुणा. नवी कोंबडी किंवा नवा पोपट आणला, तर महिनाभर वेगळा ठेवा. घरातल्या पोपटाला, लव्हबर्डला धोका कमी, पण कोंबड्यांत काम करून थेट त्याला खांद्यावर घेऊ नका आणि त्याचा पिंजरा झाडाखाली टांगू नका. मांजराला कच्चे मांस आणि कच्चे दूध देऊ नका.

चौथी गोष्ट, नजर. अचानक मर, तुरा निळा-जांभळा पडणे, डोके सुजणे, अंडी एकदम कमी होणे किंवा मऊ कवचाची येणे, मान वाकडी होणे, यांतले काही दिसले तर हातमोजे आणि मास्क घालूनच पक्ष्याला हात लावा, आणि मुलांना दूर ठेवा.

आणि पाचवी गोष्ट, जी नवापूरने शिकवली: कळवा. कॅलिफोर्नियात आजारी पक्ष्यांसाठी फोन आहे, ८६६-९२२-२४७३. कोंबडी झाका, पण बातमी झाकू नका. अमेरिकेतही भरपाईचा नियम माझ्या विद्यार्थ्याने सांगितला तोच आहे: जी जिवंत असताना मारावी लागली तिची मिळते, आधी मेलेलीची नाही.

चकलीचे काय झाले?

नातीच्या प्रश्नानंतर मी फोन केला. जावई जरा नाराज होते, पण शेजारी उभे राहिले. पलीकडच्या बाईंनी शांतपणे विचारले: किती मेल्या, बाकीच्या कशा आहेत, जवळ बदके येतात का, घरात कोणाला ताप आहे का. ओरडल्या नाहीत, धमकावले नाही. दोन पिशव्यांत बांधून बर्फाच्या पेटीत ठेवा आणि राज्याच्या प्रयोगशाळेत पाठवा, म्हणाल्या. पुढचे दिवस नातीने लाडू, करंजी आणि शेव यांना आतच ठेवले आणि रोज वहीत त्यांची अंडी लिहिली. एखाद्या परीक्षेच्या निकालासाठीही मी इतका ताटकळलो नव्हतो.

निकाल आला: बर्ड फ्लू नाही. अंडे पोटात फुटून आत संसर्ग झाला होता. तिघी वाचल्या. जावयांनी त्याच रविवारी खुराड्यावर छप्पर घातले आणि दाराशी एक जुना बुटांचा जोड ठेवला.

निकाल वाईट आला असता तर? तर त्या तिघींना मारावे लागले असते आणि नात रडली असती. मीही रडलो असतो. पण जवळपासची खुराडी वाचली असती, आणि आपण खरे बोललो हे तिला आयुष्यभर लक्षात राहिले असते. नवापूरच्या माझ्या विद्यार्थ्याला मी त्या रात्री फोन केला आणि ही हकिगत सांगितली. तो हसला. म्हणाला, “सर, तुम्हाला विचारणारी नात होती. मला तेव्हा कोणीच विचारलं नाही.”

मी त्याला तेव्हा विचारायला हवे होते. ते राहून गेले.

वाचकहो, यंदाच्या दिवाळीत आकाशकंदील टांगताना जरा वर पाहा. बदकांची माळ दक्षिणेकडे जाताना दिसेल. तिचे स्वागत करा, आणि मग परसात जाऊन खुराड्याचे छप्पर एकदा तपासा. आपणा सर्वांना, आणि आपल्या घरातल्या पंखवाल्यांना, दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा.